आठवड्याची वही

रोजनिशी लिहावी, हा उपदेश आपण प्रत्येकाने शाळेपासून ऐकलेला असतो. नव्या वर्षी कोणी भेट दिलेल्या डायरीची पहिली आठ-दहा पाने सुवाच्य अक्षरात भरतात. संक्रांत येते तोवर अक्षर घाईचे होते, आणि पुढे त्या डायरीत दुधाचा हिशेब तेवढा उरतो. याचा दोष विद्यार्थ्याच्या आळसाला देण्याची पद्धत आहे. ती मला पुरती न्याय्य वाटत नाही. आपल्या जिल्ह्यातील बहुतेक विद्यार्थी हिवाळ्याच्या सुट्टीत घरी जातात ते विश्रांतीसाठी नव्हे. कापसाची वेचणी, मिरचीची तोडणी, गहू-हरभऱ्याचे पाणी, गुरांचा चारा ही कामे त्यांची वाट पाहत असतात. रात्रीची वीज आली म्हणजे मोटार सुरू करायला शेतावर जावे लागते. अशा दिवसांत रोज लिहायला बसणे कठीण. आणि रोजनिशी मोडते ती पहिल्याच खाड्याने. एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचे ओझे होते, आणि चौथ्या दिवशी वहीच नकोशी वाटू लागते.

म्हणून प्रस्तुत लेखात रोजनिशीऐवजी आठवड्याच्या वहीचा विचार मांडला आहे. सुट्टीच्या काळात आठवड्यातून एकदा, ठरलेल्या रात्री, एक-दोन पाने लिहावयाची, इतकाच तिचा नियम. मराठीच्या विद्यार्थ्याला गद्यलेखनाचा याहून चांगला सराव नाही, आणि आपल्या गावपाड्यांच्या साध्या दिवसांची नोंद ठेवणारे दुसरे कोणी नाही, असे माझे म्हणणे आहे.

कीर्द आणि खतावणी

'रोजनिशी' हा शब्द फारसीतून आला आहे. 'रोज' म्हणजे दिवस, आणि लिहिणाऱ्याला 'नविस' म्हणतात. चिटणीस, फडणीस या आपल्या आडनावांतही तोच 'नविस' दडलेला आहे. पेशवाईच्या दफ्तरात रोजच्या जमाखर्चाची जी नोंद होई, तिला रोजकीर्द म्हणत. आजही जुन्या पद्धतीने वही लिहिणारा व्यापारी कीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या ठेवतो. कीर्दीत दिवसाचा व्यवहार जसा घडला तसा, त्याच क्रमाने उतरतो. पुढे सवडीने तोच व्यवहार खातेवार लावला जातो, ती खतावणी. कीर्द पाहून काय घडले ते कळते. कोणाकडे किती येणे आहे, हे कळायला खतावणीच उघडावी लागते.

रोजनिशी ही कीर्द आहे, आणि आठवड्याची वही ही खतावणी आहे. सहा-सात दिवस मागे गेल्यावर बारीकसारीक गोष्टी आपोआप गळून पडतात. ज्या उरतात त्यांना काही कारण असते. सोमवारी ऐकलेले एक वाक्य आणि शुक्रवारी पाहिलेले एक बंद घर यांचा संबंध रोज लिहिणाऱ्याच्या ध्यानात येईलच असे नाही. आठवड्याने लिहिणाऱ्यापुढे मात्र ती दोन्ही एकाच पानावर येतात. निवड करणे आणि संबंध जोडणे हे निबंधलेखनाचे पहिले दोन धडे होत, आणि ते येथे फुकट मिळतात.

अर्थात कीर्दीवाचून खतावणी होत नाही. म्हणून खिशात एक कागदाची घडी असावी. तिच्यावर दिवसाला दोन-चार शब्द टिपले तरी पुरेत : 'दव जास्त', 'मामांचा निरोप', 'हेलपाटा, तलाठी नव्हते'. आठवडाअखेर ही टिपणे समोर ठेवून लिहावे आणि कागद टाकून द्यावा.

आठवडा कोठून धरावा?

शहरात आठवडा रविवारी संपतो. आपल्याकडे तो बाजाराच्या दिवशी संपतो. एका बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत, दोन्ही दिवस धरून, आठ दिवस होतात. 'आठवडा' या शब्दातील आठ हा आकडा असाच आला असावा, असे हिशेब घातल्यावर वाटते. उधारी, मजुरी, सोयरिकीचे निरोप, औषधपाणी सारे 'येत्या बाजाराला' या शब्दांनी ठरते. होळीपूर्वीच्या आठवड्यात सातपुड्याच्या पट्ट्यात जे बाजार भरतात त्यांना भोंगऱ्या हे निराळे नावच आहे; म्हणजे आपल्या आदिवासी बांधवांनी सणाचे मोजमापसुद्धा बाजाराने केले आहे. तेव्हा आपल्या वहीचा आठवडाही बाजाराचाच असावा. बाजारातून परतल्यावर जेवणखाण आटोपले, शेकोटीजवळची माणसे उठून गेली, की लिहायला बसावे. त्या दिवशी गावची बातमी ताजी असते, भाव ठाऊक असतात, आणि चार वेगळी माणसे भेटलेली असतात.

धुळ्याचे अठरा रविवार

आठवड्यातून एकदाच, पण न चुकता केलेले काम किती दूर जाते, याचे उदाहरण शोधायला आपणांस खानदेशाबाहेर जावे लागत नाही. १९३२ साली विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगात होते. धुळे हे तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. नंदुरबार, शहादे, तळोदे, नवापूर हे आपले तालुके त्याच जिल्ह्यात होते. (आपला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी.) त्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेच्या एका अध्यायावर प्रवचन दिले. पहिले प्रवचन २१ फेब्रुवारीला झाले आणि शेवटचे १९ जूनला. अध्याय अठरा, रविवारही अठरा. एकही खाडा नाही. ही प्रवचने साने गुरुजींनी लिहून घेतली, आणि त्यांतूनच 'गीता प्रवचने' हा ग्रंथ उभा राहिला.

साने गुरुजींच्या हाताला हे वळण आधीपासून होते. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना ते छात्रालयातील मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' हाताने लिहून काढीत. ना छापखाना, ना वर्गणी. वाचक म्हणजे छात्रालयातील मुले. हाताला लिहिण्याची सवय असली म्हणजे मोठा प्रसंग येतो तेव्हा माणूस तयार असतो, एवढा बोध यातून घ्यावा.

एका आठवड्याला एक पान

पण विनोबांसारखा वक्ता आपल्या पाड्यावर नाही, मग लिहावे काय, असा प्रश्न येईल. याचे उत्तर इंग्लंडमधील सेलबोर्न या खेड्यातल्या गिल्बर्ट व्हाइट नावाच्या धर्मोपदेशकाने देऊन ठेवले आहे. निसर्गाच्या नोंदीसाठी त्याने १७६८ सालापासून एक छापील वही वापरली. तिच्यात एका आठवड्याला एक पान असे. पानावर रकाने पाडलेले : वारा, पाऊस, उष्णतामान, कोणत्या झाडाला पालवी फुटली, कोणते फूल उमलले, कोणती पाखरे आली. १७९३ साली मृत्यू येईपर्यंत त्याने ही वही चालविली. तो फारसा कोठे गेला नाही. एकाच गावाकडे त्याने पुनःपुन्हा पाहिले, आणि त्या पाहण्यातून १७८९ साली आलेला त्याचा ग्रंथ आजही वाचला जातो.

आपल्या हिवाळ्याला असे रकाने सहज पाडता येतील. डाब, तोरणमाळच्या बाजूला कडाक्याच्या थंडीत दव गोठते. ते कोणत्या तारखेला दिसले? तापीकाठी शेपूट हलवीत फिरणारा धोबी पक्षी प्रथम कधी दिसला? तुरीच्या शेंगा कधी भरल्या, दादरला कणीस कधी आले? नंदुरबारच्या पथारींवर ओली लाल मिरची वाळत पडते, तेव्हा वाऱ्याबरोबर तिचा खकाणा कोठवर येतो, आणि दिवसभर ती मिरची खालीवर करणाऱ्या बायका तोंडाला काय बांधतात? चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य कोणाकडे झाला? सारंगखेड्याच्या दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. गावातील कोणी तेथे काही विकले किंवा घेतले काय? यांतील एकही प्रश्न परीक्षेत येणार नाही. पण ज्याने ही उत्तरे दहा हिवाळे लिहून ठेवली, त्याला आपल्या तालुक्यातील हवा, पीक आणि माणूस कसे बदलत गेले, हे दुसऱ्या कोणाला विचारावे लागणार नाही.

नोंद कशी असावी?

विद्यार्थ्याच्या वहीत सहसा आढळते तशी एक नोंद पाहू :

'या आठवड्यात खूप थंडी होती. बाजारात खूप गर्दी होती. गावात शांतता आहे. सुट्टी मजेत गेली.'

यात खोटे काही नाही, पण खरेही काही नाही. हे वाक्य कोणत्याही गावी, कोणत्याही वर्षी लिहिता येईल. आता त्याच शांततेची दुसरी नोंद पाहा. ती कल्पित आहे, परंतु आपल्यापैकी अनेकांना ओळखीची वाटेल :

'बाजाराची रात्र. आमच्या ओळीतली पाच घरे बंद आहेत. माणसे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेली. दोन घरांना कुलपे आहेत, तीन घरांच्या दारांना नुसत्या काट्या लावल्या आहेत. एका घरची म्हातारी मागे राहिली. ती संध्याकाळी आपल्या दारी दिवा लावते आणि शेजारच्या, मुलाच्या बंद दारापुढेही लावते. मी म्हटले, तठे कोण शे? ती म्हणाली, दार ते शे ना!'

दुसऱ्या नोंदीत 'शांतता' हा शब्द कोठेही नाही, तरी ती ऐकू येते. लेखकाने घरे मोजली, कुलपे मोजली, आणि म्हातारीचे बोलणे तिच्याच शब्दांत ठेवले. स्वतःला काय वाटले ते त्याने सांगितले नाही. यावरून तीन नियम काढता येतील. विशेषणापेक्षा संख्या आणि वस्तू अधिक विश्वासाची. मत देण्याआधी पाहिलेले लिहावे. आणि ऐकलेले बोलणे शुद्ध करू नये.

घरची बोली

या तिसऱ्या नियमाविषयी थोडे अधिक सांगणे अवश्य आहे. वरच्या नोंदीत 'दार तर आहे ना' असे लिहिले असते, तर अर्थ तोच राहिला असता. म्हातारी मात्र नाहीशी झाली असती. आपल्या महाविद्यालयात येणारे विद्यार्थी घरी अहिराणी, भिली, पावरी, मावची, गुजरी अशा बोली बोलतात. वर्गात ते प्रमाण मराठीत लिहितात, आणि परीक्षेत पुष्कळदा मार्गदर्शकाच्या भाषेत. परिणामी कित्येकांची अशी समजूत होते की, घरी बोलतो ती भाषा लिहिण्याच्या योग्यतेची नव्हे.

या समजुतीला आपल्या विद्यापीठाचे नावच उत्तर देते. कवयित्री बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात काम करताना त्या गात. घरातील माणसांनी, विशेषतः मुलगा सोपानदेव यांनी, त्यांतील काही गाणी कागदावर उतरविली. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखविली, आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. घरातील कोणी पेन्सिल हाती घेतली नसती, तर आज ते नाव विद्यापीठाच्या दारावर नसते. किती आया आणि आज्या अशा न लिहिल्या गेलेल्या गेल्या असतील, याचा हिशेब कोणत्याच खतावणीत सापडणार नाही. तेव्हा वहीचे निवेदन मराठीत ठेवावे, पण म्हण, ओवी, शिवी, हाक, पिकाचे आणि झाडाचे नाव घरच्या बोलीतच लिहावे. शेजारी अर्थ द्यावा. दोन-तीन सुट्ट्यांत आपल्या बोलीचा एक छोटा कोश आपोआप तयार होईल.

दोन पथ्ये

पहिले पथ्य दुसऱ्याच्या अब्रूचे. गावात काहीही लपत नाही, पण तोंडी गोष्ट विरते आणि लिहिलेली टिकते. कोणाचे कर्ज, कोणाच्या घरचे भांडण, कोणाचे आजारपण लिहावयाचे असेल तर नाव गाळावे. ज्याची गोष्ट आहे त्याने उद्या ती वाचली तर त्याला मान खाली घालावी लागू नये, ही कसोटी ठेवावी.

दुसरे पथ्य न सजविण्याचे. वही मासिकाला द्यावयाची आहे, असे मनात धरून लिहू नये. वाचक डोळ्यांपुढे आला की म्हातारीच्या तोंडी सुभाषिते येऊ लागतात. आज प्रत्येकाच्या हाती भ्रमणध्वनी आहे, आणि बाजाराची, यात्रेची छायाचित्रे निघतातच. ती जरूर काढावीत. परंतु काटी लावलेल्या दाराच्या छायाचित्रात ते दार कोणाचे आणि दिवा कोण लावते, हे येत नाही. तेवढे लिहूनच ठेवावे लागते.

साधनसामग्री म्हणाल तर शंभर पानी एक वही आणि एक पेन पुरते. सुट्टी तीन आठवड्यांची असली तर तीन नोंदी होतील. पदवीच्या तीन वर्षांत हिवाळ्याच्या नऊ नोंदी. ऐकायला हा आकडा लहान वाटतो. पण एका गावाविषयी, एकाच माणसाने, लागोपाठ तीन हिवाळे डोळे उघडे ठेवून लिहिलेली नऊ पाने आपल्या जिल्ह्यातील किती गावांजवळ आहेत, याचा विचार करावा. पुढच्या सुट्टीत पहिल्या बाजाराच्या रात्री वहीचे पहिले पान उघडावे, वर तिथी आणि तारीख घालावी, आणि गावातील किती दारे बंद आहेत ते मोजून लिहावे.