दहावी आली, गाणं थांबवू का?

प्रश्न : मुलगी गाण्याची मध्यमा प्रथम परीक्षा उत्तीर्ण आहे. यंदा दहावी. गाण्याचा क्लास वर्षभर बंद ठेवावा का? – एक पालक, सांगली

उत्तर : बंद ठेवू नका. वर्षभर गळा नुसता पडून राहिला की श्वास आखूड होतो, आणि पुन्हा बसवायला बराच काळ जातो. नवे राग मात्र थांबवा. पहाटे वीस मिनिटं खर्ज, मग एकच राग, भूप किंवा यमन, सावकाश आळवायचा. गुरुजींकडे आठवड्यातून एकदा गेली तरी चालेल.

पुढच्या मध्यमा पूर्ण परीक्षेची घाई करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या परीक्षेचा लेखी भाग पालक हलका धरतात आणि मुलं तिथेच अडकतात. झपताल घ्या. मात्रा दहा, विभाग दोन-तीन-दोन-तीन, काल सहाव्या मात्रेवर. ठेका पाठ असतो, पण दुगुन, म्हणजे दुप्पट लयीतला ठेका, लिहायला सांगितली की पेन थांबतं. हातावर टाळी देत, तोंडानं बोल म्हणत लिहिलं तरच ते बसतं. हे दहा मिनिटांचं काम गणिताच्या अभ्यासातून उठल्यावर करता येतं.

उत्तीर्ण परीक्षांची प्रमाणपत्रं सांभाळून ठेवा. शास्त्रीय कलेसाठी दहावीला सवलतीचे वाढीव गुण मिळतात. त्याचा प्रस्ताव शाळेमार्फतच मंडळाकडे जातो. त्यासाठी मुख्याध्यापकांना आत्ताच भेटा, मुदत गेल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही.