पालकांना वर्गात काय काम द्यावं?

प्रश्न : मी हैदराबादमध्ये तिसरीला शिकवते. काही पालक वर्गात मदतीला यायला तयार आहेत. त्यांना नेमकं कोणतं काम सोपवावं?

उत्तर : शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम २१नुसार सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. तेलंगणात २०२४मध्ये शाळांसाठी पालकांचा सहभाग असलेल्या अम्मा आदर्श पाठशाला समित्याही आल्या. पण समितीत बसणं वेगळं आणि वर्गात मुलांशेजारी बसणं वेगळं.

सुरुवात वाचनापासून करा. एका पालकाकडे चार-पाच मुलं, वीस मिनिटं, आठवड्यातला ठरलेला एकच दिवस. पालकांनी चुका दाखवण्याची घाई न करता ऐकावं. स्वतःचं मूल दुसऱ्या गटात हवं, हे फार महत्त्वाचं. नाहीतर मूलही अवघडतं आणि पालकही. तुमच्या शहरात तेलुगू, दखनी, हिंदी, मराठी बोलणारी मुलं एकाच बाकावर बसतात, म्हणून इंग्रजी न येणाऱ्या आईलाही आवर्जून बोलवा. तिच्या भाषेतली गोष्ट वर्गाला हवीच आहे.

शिकवणं आणि गुण देणं तुमच्याकडेच ठेवा. कुणाचं मूल मागे आहे, ही चर्चा वर्गाबाहेर न्यायची नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा. रोजंदारीमुळे जे येऊ शकत नाहीत, त्यांच्या मुलांना कमीपणा वाटू देऊ नका. आणि मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आधी घ्या.