गोळ्या सुरू केल्यावर चेहऱ्यावर वांग आले तर?

पाळणा लांबवण्याच्या गोळ्या सुरू केल्यावर काही भगिनींच्या गालावर, कपाळावर, नाकावर किंवा वरच्या ओठावर तपकिरी डाग दिसू लागतात. खाज नाही, आग नाही. यालाच आपण वांग म्हणतो. मग घरचे म्हणतात, "गोळी बाधली, टाकून दे." पाकीट अर्धवट सुटते आणि नको असताना दिवस जातात. म्हणून हा विषय आम्ही घेतला आहे.

वांग का येते?
माला-एनसारख्या गोळ्यांत इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉनच्या जातीची हार्मोन्स असतात. त्यांच्यामुळे त्वचेतील रंगपेशी जास्त रंग तयार करतात. ऊन त्यात भर घालते. गरोदरपणातही असेच घडते. पाळी गेल्यानंतर दिल्या जाणाऱ्या हार्मोनच्या गोळ्यांनीही वांग येऊ शकते. सगळ्यांना ते येत नाही. आई-बहिणीला असेल तर शक्यता जास्त. हा संसर्ग नाही, कॅन्सरही नाही.

काय करावे?
१. गोळी मनाने बंद करू नका. आशाताई, नर्सताई किंवा डॉक्टरांना डाग दाखवा. तांबीत हार्मोन नसते. 'छाया' गोळीतही इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन नसते. दोन्ही सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. दुसरे साधन सुरू होईपर्यंत निरोध वापरा.
२. शेतात, बांधकामावर, बाजारात जाताना चेहऱ्यावर सावली राहील असा पदर, टोपी किंवा छत्री घ्या. जमल्यास एसपीएफ ३० चे सनस्क्रीन लावा.
३. धीर धरा. गोळी बदलल्यावरही डाग फिके व्हायला कित्येक महिने लागतात. काहींचे पूर्ण जात नाहीत.

काय करू नये?
दुकानातून "गोरे करणारी" ट्यूब आणू नका. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावे वाचा. ही स्टिरॉइड आहेत. आठवड्यात चेहरा उजळतो. पुढे कातडी पातळ होते, लाली व पुरळ येते, केस वाढतात आणि ट्यूब थांबवली की डाग परततो. लिंबू, सोडा, टूथपेस्टही चोळू नका.

डॉक्टरांकडे लवकर कधी जावे?
मान व काख जाड, काळी होत असेल तर रक्तातील साखर तपासा. हिरड्या, तळहाताच्या रेषा काळवंडत असतील, सोबत थकवा असेल, वजन घटत असेल, चक्कर येत असेल, तर कारण गोळी नसून दुसरा आजार असू शकतो.

सावळा रंग हा आजार नाही; त्यावर औषध नको. डाग नवा असेल तर तो दाखवा. दवाखान्यात जाताना घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्या.