उमरावाची भीती आधी लिही

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'ची डीएम, म्हणजे खेळ चालवणारी डन्जन मास्टर, व्हायला निघालीस ना, मग ऐक. लढाई बसवणं सोपं. राक्षसाचे हिट पॉइंट पुस्तकात छापलेलेच असतात. घाम फुटतो तो दरबारात. पार्टी उमरावापुढे उभी राहते, पुलाच्या रक्षणाला सैन्य मागते, आणि बार्ड खेळणारा वीस बाजूंचा फासा उचलून म्हणतो, "पर्सुएशन!" म्हणजे मन वळवायचा रोल. सतरा पडले, उमराव राजी, संपला प्रसंग. बाकीचे तोवर मोबाइलमध्ये.

म्हणून वहीत आधी उमरावाचं लिही. त्याला काय हवंय, तो कशाला घाबरतो आणि काही झालं तरी काय देणार नाही. तीन ओळी पुरेत. समज, सैन्य पुलावर गेलं की धाकटा भाऊ गढी बळकावेल, ही त्याची धास्ती. आता बघ, फायटर पहाऱ्याची हमी देऊ शकतो. विझार्ड जुन्या तहाची आठवण काढेल. रोगने नोकरांत मिसळून भावाचे बेत काढून आणावेत. बोलणं एकट्या बार्डच्या गळ्यात राहत नाही.

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या चौथ्या आवृत्तीने २००८ साली 'स्किल चॅलेंज' आणलं: ठरावीक अपयशं पदरी पडायच्या आत ठरावीक यशं मिळवायची. डीएमच्या पुस्तकातल्या नमुन्यात अशीच एक वाटाघाट होती. तिथे धमकी दिली की थेट अपयश; मात्र इन्साइट, म्हणजे समोरच्याचं मन ओळखणं, साधली तर धमकी इथे चालणार नाही हे आधी कळायचं. ही जोडी उचल. खड्डा खणलास तर तो दिसायची सोयही ठेव.

आकडेमोड मात्र स्वतः कर. त्या पुस्तकातली अपयशांची मर्यादा खेळ बनवणाऱ्यांनाही त्याच वर्षी बदलून सरसकट तीनवर आणावी लागली. पाचव्या आवृत्तीच्या हिशेबाने, फाशात +५ मिळवणाऱ्याला डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, १५ असेल तर तो गाठायची शक्यता ५५ टक्के. बरी वाटते. पण सगळेच +५ चे असतील आणि तीन अपयशांआधी सहा यशं मागितलीस, तर अख्खी वाटाघाट जिंकायची शक्यता जेमतेम २२ टक्के उरते! डीसी १० ठेवलास तर ती ८० च्या आसपास जाते. तेव्हा मुद्दा पटण्याजोगा असेल तर १०, ओढूनताणून आणलेला असेल तर १५. आणि भावाचं कारस्थान पुराव्यानिशी पुढ्यात ठेवलं तर फासा मागूच नकोस, सरळ एक यश दे.

दर अपयशाला दरबारात काहीतरी हलू दे. कारभारी उठून बाहेर जातो, भावाच्या कानावर बातमी पोचते. तिसरं अपयश म्हणजे 'नाही' असं नव्हे, कारण तिथे गोष्टच अडते. उमराव सैन्य देईल, पण क्लेरिकला ओलीस ठेवून घेईल. अशा हरण्यातून पुढच्या दोन सेशनची सामग्री मिळते.

कुणी लाजरा असेल तर त्याच्याकडून भाषण वदवून घेऊ नकोस. "माझा पॅलाडिन त्याला वडिलांच्या शपथेची आठवण करून देतो," एवढं म्हणाला तरी चालेल. तलवार चालवणाऱ्याला आपण खरी तलवार कुठे उचलायला लावतो? उलट, फर्डं बोलणाऱ्यालाही विचार, यात उमरावाने ऐकावं असं काय आहे?

यश-अपयशाचा हिशेब काही जण टेबलावर सोंगट्या मांडून दाखवतात. मला ते रुचत नाही. सगळे उमरावाकडे बघायचे सोडून सोंगट्याच मोजत बसतात. त्याने पाणी मागवलं, खुर्ची पुढे ओढली, यातून कळू दे.

आणि हो, दोरखंड विकणाऱ्या दुकानदाराशी घासाघीस चालली असेल तर यातलं काही करू नकोस. एक रोल, दोन नाणी कमी, पुढे चल.