रडारची नजर आणि अँटेनाची रचना

पावसाळ्यात जिवतीचा माणिकगड पहाड ढगांनी झाकला की उपग्रहावरील कॅमेऱ्याला खालचे रान दिसत नाही. रडारला मात्र दिसते. 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून झेपावलेला ‘निसार’ हा इस्रो व नासा यांचा संयुक्त उपग्रह असे रडार वाहतो. ही नजर किती बारीक, हे कशावर ठरते?

रडार रेडिओलहरी सोडते आणि त्या परत येण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर मोजते. या संकेतात वारंवारतांचा एक पट्टा असतो. त्याची रुंदी म्हणजे बँडविड्थ. प्रकाशाच्या वेगाला बँडविड्थच्या दुपटीने भागले की, रडारच्या दिशेत किती अंतरावरील दोन वस्तू वेगळ्या ओळखता येतील ते कळते. 15 मेगाहर्ट्झला हे अंतर 10 मीटर, तर 75 मेगाहर्ट्झला 2 मीटर येते.

मग पट्टा हवा तेवढा रुंद का करू नये? येथे अँटेना आडवी येते. बासरीची लांबी जसा तिचा सूर ठरवते, तसा धातूच्या लहान पट्टीच्या अँटेनाचा आकार तिची वारंवारता ठरवतो. पट्टीची लांबी साधारण अर्ध्या तरंगलांबीएवढी असते. त्या वारंवारतेपासून दूर गेले की ती क्षीण होते. अनेक पट्ट्या जोडून झोत वळवला, तर पट्ट्याच्या दोन टोकांच्या लहरी किंचित निराळ्या दिशांना जातात. म्हणून रुंद बँडविड्थसाठी अँटेनाची रचनाच बदलावी लागते.

‘निसार’मध्ये 12 मीटर व्यासाचा जाळीचा परावर्तक आहे. जाळीची छिद्रे तरंगलांबीपेक्षा पुष्कळ लहान असल्याने तो आरशाप्रमाणे 24 सेंटिमीटर आणि सुमारे 10 सेंटिमीटर अशा दोन्ही लहरी परतवतो. लहरी सोडणारे भाग मात्र दोन्हींसाठी स्वतंत्र आहेत. लांब लहर पानांतून आत शिरते. खोडांचा व जमिनीचा सुगावा देते.

आपल्या तालुक्यात कित्येक कुटुंबांची शेती ‘वन की महसूल’ या प्रश्नात अडकली आहे. उपग्रहाचे चित्र आज झाडे कोठे आहेत ते सांगेल. जमीन कोणाची, हे सांगणार नाही. हा भेद ज्याला कळतो, तोच अशा चित्रासमोर निर्भयपणे प्रश्न विचारू शकतो. ‘निसार’ची माहिती सर्वांसाठी खुली आहे. ती वाचणारे हात आपल्या वसतिगृहातून घडावेत, हीच आमची अपेक्षा. पालकहो, मुलामुलींना गणित व विज्ञान अर्ध्यावर सोडू देऊ नका.