विकास आराखडा आणि रहिवाशांचे मत

घर बांधणे ही कुटुंबाची खाजगी बाब होय. परंतु ते कोठे बांधावे, त्याच्यापुढून किती रुंदीचा रस्ता जावा, शाळा, दवाखाना व क्रीडांगण यांसाठी कोणती जागा राखून ठेवावी, हे प्रश्न सार्वजनिक नियोजनाचे आहेत. त्यांची उत्तरे विकास आराखड्यात असतात. तो एकदा मंजूर झाला की पुढील सुमारे वीस वर्षे वस्तीची घडण त्यावर अवलंबून राहते. म्हणूनच त्याचे प्रारूप तयार होत असताना रहिवाशांचे मत ऐकले जाणे अगत्याचे ठरते.

कायद्यातील तरतूद

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये याची सोय आहे. कलम २६ अन्वये प्रारूप आराखडा प्रसिद्ध करून जनतेकडून हरकती व सूचना मागविल्या जातात. कलम २८ खालील नियोजन समिती त्यांची सुनावणी करून आपला अहवाल देते. या समितीत स्थायी समितीच्या तीन सदस्यांबरोबर विषयाचे विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेल्या व्यक्तीही असतात. अखेरची मंजुरी कलम ३१ नुसार राज्य शासन देते.

मुंबईचा अनुभव

या तरतुदीचे महत्त्व बृहन्मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या आराखड्याने पटवून दिले. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रारूपात अनेक चुका आढळल्या. कोठे उभ्या इमारतींवरून रस्ते आखले गेले होते, तर कोठे वारसा वास्तूंची नोंद राहून गेली होती. जुने कोळीवाडे व गावठाणेही नकाशावर नीट दाखविलेली नव्हती. हजारो नागरिकांनी हरकती नोंदविल्या. एप्रिल २०१५ मध्ये शासनाने ते प्रारूप मागे घेऊन दुरुस्तीचा आदेश दिला. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आराखड्यास २०१८ मध्ये मंजुरी मिळाली.

कोळीवाड्याचे उदाहरण येथे विचारात घेण्याजोगे आहे. मासेमारी करणाऱ्या कुटुंबाला केवळ चार भिंती पुरत नाहीत. जाळी विणण्यास व मासळी वाळविण्यास मोकळे अंगणही लागते. नकाशात ती जागा रिकामी दिसते, पण तेथे राहणाऱ्यांच्या दृष्टीने ती उपजीविकेचे साधन असते. ही माहिती मोजणीच्या साधनांतून मिळत नाही, ती रहिवाशांनीच द्यावी लागते.

शेजारच्या गोव्यात खेड्यांच्या बाबतीतही असेच घडले. ऑगस्ट २००६ मध्ये अधिसूचित झालेला प्रादेशिक आराखडा लोकांच्या तीव्र विरोधामुळे जानेवारी २००७ मध्ये मागे घ्यावा लागला. त्यानंतरच्या आराखड्यासाठी गावनिहाय नकाशे पंचायतींकडे पाठविण्यात आले.

हरकत कशी असावी

‘आराखडा आम्हांस मान्य नाही’ एवढेच लिहिल्याने समितीला निर्णय घेता येत नाही. हरकतीत सर्व्हे किंवा गट क्रमांक, जागेवरील आजची स्थिती, त्याचा लेखी पुरावा आणि शक्य तेथे पर्यायी जागा नमूद करावी. अर्ज मुदतीत देऊन पोच घ्यावी व सुनावणीस हजर राहावे. नकाशा वाचून दाखविण्याच्या कामी गावातील शिक्षकांचे साहाय्य मोलाचे ठरेल.

सर्व रहिवाशांचे मत एकच असेल असे नाही. पुनर्विकासासाठी काहींना अधिक चटईक्षेत्र हवे असते, तर पाणी व रस्ते यांवरील भार वाढेल ही इतरांची रास्त चिंता असते. शिवाय ज्याच्या जमिनीवर क्रीडांगणाचे आरक्षण पडते त्याची हरकत आणि ज्यांच्या मुलांना ते क्रीडांगण हवे आहे त्यांची गरज, या दोन्ही बाजू खऱ्या असतात. अशा वेळी प्रत्येक हरकत मान्य करता येणार नाही. मात्र अमान्य केलेल्या हरकतीचे कारण अर्जदारास समजेल अशा भाषेत कळविणे अधिकाऱ्यांना निश्चितच शक्य आहे.

कागदावरील रेषा पुसणे सोपे असते. तिच्या आधारे रस्ता व इमारत उभी राहिल्यावर ती चूक सुधारण्यास पिढी खर्ची पडते. रहिवाशांचे म्हणणे रेषा कागदावर असतानाच ऐकणे, यातच नियोजनाचे व जनतेचेही हित आहे.