सल्लागार संस्था, शासन आणि गाव : एका वाढत्या व्यवसायाची ओळख

रस्ता असो, नळयोजना असो वा कचरा प्रकल्प असो, शासनाच्या प्रत्येक मोठ्या कामामागे आज एक जाडजूड अहवाल असतो. कुदळ पडण्यापूर्वी कोणीतरी पाहणी केलेली असते, आकडेमोड केलेली असते, नकाशे आखलेले असतात. हे काम पुष्कळदा शासनाच्या वतीने मोबदला घेऊन एखादी सल्लागार संस्था करते. हा व्यवसाय म्हणजे काय, तो पुढे कोठे वाढेल आणि त्याच्याशी व्यवहार करताना ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी यांनी काय ध्यानी घ्यावे, याचा येथे थोडक्यात विचार करावयाचा आहे.

परंपरा जुनी आहे

सन १९०८ च्या सप्टेंबरात मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या त्या सुमारास मुंबई इलाख्याच्या सेवेतून निवृत्त झाले होते. निजाम सरकारने त्यांना १९०९ साली सल्लागार अभियंता म्हणून पाचारण केले. नदीचे पाणलोट क्षेत्र व पर्जन्यमान यांचा अभ्यास करून, शहराच्या वरच्या अंगास जलाशय बांधून पुराचे पाणी अडवावे, असा सल्ला त्यांनी दिला. त्यातूनच पुढे उस्मानसागर (१९२०) व हिमायतसागर (१९२७) हे तलाव उभे राहिले.

दुसरे उदाहरण स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ व नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांचे. ते १९१४ साली भारतात आले. बडोदे शहराविषयी त्यांनी १९१६ साली अहवाल दिला, तर होळकर दरबारासाठी तयार केलेला इंदूरचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. त्या काळी इंदुरात प्लेगचे भय होते. गेडिस यांनी गल्लीबोळ पायी पालथे घातले. दिवाळीची मिरवणूक ज्या वस्त्या अधिक स्वच्छ असतील त्यांतून जाईल, असे त्यांनी जाहीर करविले आणि घरोघरी झाडझूड सुरू झाली.

या दोघांनी आधी जागा पाहिली, माणसे पाहिली, मग कागद लिहिला. सल्लागाराच्या कामाची खरी कसोटी हीच होय.

निवड कशी होते

स्वातंत्र्योत्तर काळात केंद्र शासनाने स्वतःच्याही सल्लागार संस्था उभारल्या. जलसंपत्तीसाठी १९६९ साली वॅप्कॉस आणि रेल्वे व वाहतुकीसाठी १९७४ साली राइट्स स्थापन झाली. खासगी संस्थांची संख्याही वाढत गेली. त्यांची निवड करण्याचे नियम ठरलेले आहेत. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत सल्लासेवेसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. राज्ये आपापल्या नियमांनुसार चालतात.

गुणवत्ता व खर्च या दोहोंवर आधारित निवडीचे एक उदाहरण घेऊ. गुणवत्तेला ७० व खर्चाला ३० टक्के भार ठरला आहे. पहिल्या संस्थेला तांत्रिक गुण ८० मिळाले व तिची बोली १० लाख रुपये आहे. दुसरीला ९० गुण मिळाले व तिची बोली १२ लाख आहे. सर्वांत कमी बोलीला खर्चाचे १०० गुण मिळतात. त्या हिशेबाने दुसरीला ८३.३३ मिळतील. पहिलीची बेरीज ५६ अधिक ३० म्हणजे ८६, तर दुसरीची ६३ अधिक २५ म्हणजे ८८ होते. महाग असूनही दुसरी संस्था निवडली जाते. वरील नियमांनुसार गुणवत्तेचा भार ८० टक्क्यांहून अधिक ठेवता येत नाही.

गुण कशासाठी द्यावयाचे हे मात्र काम देणाऱ्यानेच ठरवावयाचे असते. आपल्याला काय हवे हे ज्याला ठाऊक नाही, त्याला नियमांचे पुस्तक तारू शकत नाही.

वाढ कोठे होईल

स्मार्ट शहर अभियानाने या व्यवसायाला मोठे काम दिले. २०१६ साली बेळगाव, इंदूर, पणजी, ग्वाल्हेर व बडोदे या शहरांची त्यात निवड झाली. ते अभियान ३१ मार्च २०२५ रोजी समाप्त झाले. यापुढील काम लहान नगरपालिका व पंचायती यांच्याकडे सरकेल, असे मानण्यास जागा आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात पंचायतींना दिलेल्या अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी व स्वच्छता यांसाठी बांधून दिला होता. गोव्यातील सर्व ग्रामीण घरांना नळ मिळाल्याचे २०२२ साली प्रमाणित झाले. नळ आला; आता पाण्याची तपासणी, गळतीचा शोध, विजेच्या खर्चाची काटकसर व पाणीपट्टीचा हिशेब ही नित्याची कामे आहेत. त्यांसाठी जाणकार हवेत, आणि ते जवळचेच असले तर उत्तम. निवृत्त अभियंते, विज्ञानाचे पदवीधर, लेखापाल यांनी एकत्र येऊन लहान संस्था काढावी, अशी ही वेळ आहे.

दुसरे क्षेत्र किनाऱ्याचे. समुद्राची पातळी वाढत असता खाजन जमिनींचे बांध राखणे हे आव्हान होऊन बसले आहे.

एक ग्रामसभा

कामानिमित्त मी एका गावच्या ग्रामसभेस उपस्थित होतो. बांधांच्या दुरुस्तीचा अहवाल वाचला जात होता. छपाई सुबक, नकाशे रंगीत. एक वृद्ध कूळ उठले व शांतपणे म्हणाले, "साहेब, आमची मानस ह्यात खंय आसा?" भरतीचे खारे पाणी अडविणारी व ओहोटीला शेतातील पाणी सोडणारी ती मानस नकाशात नव्हतीच. पुढे एका पानावर दुसऱ्याच गावाचे नावही राहून गेलेले आढळले. अहवाल परत गेला. तो वृद्ध त्या दिवशी बोलला नसता, तर त्याच नकाशावर खर्च झाला असता आणि पुढच्या उधाणात शेत खारे झाले असते.

चार प्रश्न

म्हणून कोणताही अहवाल ग्रामसभेपुढे आल्यास चार प्रश्न अवश्य विचारावेत. सल्लागार गावात किती दिवस राहिले व कोणाशी बोलले? आकडे कोठून व कोणत्या वर्षीचे घेतले? अहवालाचा सारांश मराठीत आहे काय? आणि संस्था निघून गेल्यावर हे काम गावातील कोण चालवील, त्याला कोणी शिकविले आहे? शिक्षकांनी वरच्या वर्गांत हे प्रश्न घेऊन एखादा जुना अहवाल मुलांसह वाचावा. अधिकाऱ्यांनी चौथा प्रश्न करारातच लिहून घ्यावा.

या व्यवसायाची भरभराट होणार, यात शंका नाही. सल्लागार गेल्यानंतर गाव पूर्वीपेक्षा अधिक जाणते झाले असेल, तरच त्या भरभराटीत गावाचाही वाटा राहील. विचारण्याचा हक्क ग्रामसभेला आहेच. तो बजावावा, एवढीच विनंती.